स्टेशनसमोर टॉवर झाले, आता बस कुठं उभी राहणार तेवढं सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतल्या खांदेश्वर आणि मानसरोवर स्टेशनच्या समोर सिडकोचे (म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीचे) घरांचे जे टॉवर उभे राहिलेत त्याबद्दल पेपरात बरंच आलंय, म्हणजे लॉटरी कधी, किमती किती, अर्जदार का वैतागलेत वगैरे, पण स्टेशनच्या बाहेर जी जागा होती तिचं नक्की काय ठरलंय हे कुणी विचारतच नाहीये म्हणून हे पत्र. मी कामोठ्यात राहतो, रोज लोकलनी मुंबईला जातो, कुठल्या पक्षाचा नाही आणि लॉटरीत अर्जही भरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच येतो.

तर पहिली गोष्ट, स्टेशनजवळ घरं बांधायला माझा विरोध नाहीये. आमच्याकडे बऱ्याच लोकांचा आहे, "आमचं पार्किंग गेलं" म्हणून मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. मला त्यांचा राग समजतो पण मागणी पटत नाही. साधा हिशोब करा, एक कार उभी करायला मधली ये-जा करायची वाट धरून साधारण 25 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे हजार माणसं एकेक कार घेऊन स्टेशनला आली तर अडीच हेक्टर, सहा एकराच्या वर जागा नुसती गाड्या वाळत घालायला, आणि ती हजार माणसं म्हणजे गर्दीच्या वेळेची एक बारा डब्यांची लोकलसुद्धा भरत नाही. सकाळी आठला लावलेली गाडी रात्री आठपर्यंत तिथंच. एवढ्या मोक्याच्या जागेचा हा उपयोग असेल तर त्यापेक्षा तिथं माणसं राहिलेली बरी. सव्वातीनशे चौरस फुटांच्या घरात राहणारा माणूस फलाटावर दोन मिनिटांत पोचतोय हे चांगलंच आहे की. (ती घरं परवडणारी किती हा वेगळा विषय, जानेवारी 2025 मध्ये या दोन्ही ठिकाणच्या जाहीर झालेल्या किमती चाळीस लाखांच्या पुढं होत्या, असो.)

माझं भांडण वेगळंय. स्टेशनसमोरची जागा ही आधी गाडी बदलायची जागा असते. लोकलमधून उतरलेला माणूस तिथून बसमध्ये, रिक्षात, दुचाकीवर नाहीतर पायी पांगतो. ही पांगापांग कुठून कशी होणार हे आधी कागदावर काढायचं आणि उरलेल्या जागेवर, त्याच्या वर, त्याच्या बाजूला किती मजले पाहिजे ते बांधायचे, हा क्रम. आपल्याकडे आधी टॉवरची रेषा मारली आणि बस-रिक्षावाल्यांना सांगितलं की बघा उरलंसुरलं कुठं जमतंय ते.

संध्याकाळी साडेसात-आठला कुणी साहेबांनी येऊन बघावं. गाडी लागली की पुढच्या दोन मिनिटांत सगळी माणसं एकदम बाहेर येतात, ती एकेक करत नाही येत, लोंढाच येतो. बाहेर शेअर रिक्षांची रांग, ती दुहेरी होते, कधी तिहेरी, पहिला रिक्षावाला चौथ्या सीटसाठी थांबलेला असतो ("एक सीट, एक सीट, चला लगेच") म्हणून मागचे सगळे अडकलेले, त्यांच्यामधून दुचाकीवाले, आणि फुटपाथ आहे पण त्याच्यावर बाईक लावलेल्या. मग भाजीची पिशवी आणि ऑफिसची बॅग घेतलेली बाई फुटपाथवरून खाली उतरते आणि रिक्षाचा आरसा खांद्याला घासत रस्त्याच्या मधून चालते. पावसाळ्यात त्यात कडेचं पाणी, मग सगळे अजून मधे. बस आली तर तिला कडेला लागायला जागाच नसते, ती रस्त्यातच उभी राहते आणि मागचे हॉर्न वाजवतात. हे आत्ताचं चित्र आहे, टॉवरमधे अजून माणसं राहायला यायचीयेत. आणि हे फक्त कामोठ्याचं नाही, खांदेश्वरला पलीकडून खांदा कॉलनीवाले येतात, कळंबोलीवाल्यांनासुद्धा मुंबईची लोकल पकडायची तर हायवे ओलांडून इकडंच यावं लागतं.

यात वाईट काय वाटतं तर हे नवी मुंबईत होतंय. डोंबिवलीत झालं तर आपण म्हणतो की बाबा जुनं गाव, स्टेशनला चिकटून दुकानं, जागाच नाही. पण आपलं शहर कागदावर आधी आणि जमिनीवर नंतर आलेलं. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडं नवं शहर वसवा हे मांडलं, 1970 ला सिडको झाली, आणि मूळ कल्पनाच अशी की एकच मोठं मधलं ठिकाण नको, वाहतुकीच्या रेषेवर मणी ओवल्यासारखे नोड, म्हणजे छोटी छोटी उपनगरं, आणि नोडला स्टेशन. त्यासाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या. रेल्वेच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोनी उचलला आणि रेल्वेनी 33, आणि आपण प्रवाशांनी वर्षानुवर्षं तिकिटावर अधिभार भरला. 1992 ला गाडी वाशीला आली, 1993 ला बेलापूरला, 1998 ला पनवेलला. त्या वेळी स्टेशनबाहेर एवढी मोठी मोकळी जागा सोडली होती की लोक हसायचे, म्हणायचे इथं क्रिकेट खेळा. ती जागा कुणी विसरून राहिली म्हणून रिकामी नव्हती, पुढची गर्दी धरून ठेवली होती. आता ती गर्दी आली आणि नेमकी तेव्हाच जागा गेली!

सगळीकडं एक शब्द फेकला जातो, टीओडी. म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या जवळ दाट वस्ती. बरोबर आहे, 2017 च्या केंद्राच्या धोरणातही स्टेशनपासून 500 ते 800 मीटरच्या पट्ट्यात वस्ती दाट करा असंच लिहिलंय. पण त्याच धोरणात चालणाऱ्याला पहिला मान द्या, सायकलला जागा द्या, बस-रिक्षा-लोकल एकमेकांना जोडा हेही लिहिलंय ना. आपण त्यातलं एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं, पान तेवढं वाचलं आणि बाकीची चिकटलेली राहिली. आणि 500 ते 800 मीटर म्हणजे स्टेशनच्या दारातलाच प्लॉट असं कुठं म्हटलंय? पाचशे मीटरच्या आत अजूनही बैठी दुकानं, अर्धवट प्लॉट, रिकामी पडलेली जागा आहे, तिथं मजले वाढवा, दारातली जागा बसला ठेवा. पण तिकडं शंभर मालक आणि दारातली जागा सिडकोच्याच ताब्यात, म्हणून सोपं ते आधी केलं असं मला तरी वाटतं.

जमिनीचा वापर बदलला आणि स्टेशन तसंच ठेवलं तर काय होतं हे मुंबईनी बघितलंय. परळ-एल्फिन्स्टनला गिरण्या गेल्या, त्या जागी काचेची ऑफिसं आली, गिरणी कामगार आजूबाजूच्या चाळीतून चालत यायचा आणि ऑफिसवाला लोकलनी येतो, म्हणजे त्याच जमिनीवर त्याच स्टेशनचं काम कितीतरी पटीनी वाढलं, पण पूल तोच अरुंद. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबले आणि चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. मग लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे करता येत होतं! ऑफिसांना परवानग्या देतानाच कुणी रेल्वेला विचारलं असतं की तुमचा जिना किती रुंद आहे तर. इथं खांदेश्वरला तसं होईल असं मी म्हणत नाही, उगाच घाबरवायचं नाहीये, पण शेजारी हजारो घरं येताना स्टेशनचे जिने आणि बाहेर पडायच्या वाटा मोजल्यात का, एवढं विचारायचा हक्क आहे.

ठाण्याचं उदाहरण पण डोळ्यासमोर आहे. तिथं पश्चिमेला जागाच उरली नव्हती म्हणून सॅटिस बांधावं लागलं, बसला वर डेक, रिक्षा खाली. गर्दी थोडी सुटली हे खरं, पण केवढा खर्च आणि केवढी वर्षं, आणि पूर्वेचं तेच काम लोक अजून सोसतायत. जमिनीवर फुकटात मिळालेली जागा घालवून उद्या आपणही खांब उभे करून हवेत बस थांबवणार का? उलट सीवूड्सला सुमारे 40 एकरांवर एकत्र विचार करून स्टेशनवरच मॉल आणि ऑफिसं केली, त्यातलं मला सगळं आवडत नाही, मॉलमधूनच माणूस फिरवायचा हा प्रकार जरा जास्तच आहे, पण निदान स्टेशन आणि इमारत एका नकाशावर होती. वाशीला स्टेशनवर आयटीवाल्यांची ऑफिसं आहेत तरी बाहेर बसला उभं राहायला जागा आहे. म्हणजे आपल्याच शहरात जमलेलं आहे, कुणी सिंगापूरला जाऊन यायची गरज नाही.

अजून एक, फेरीवाले. त्यांचं नाव काढलं की लगेच हटवा हटवा. 2017 मध्ये हायकोर्टानी स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं ते ठीक आहे, पण 2014 च्या कायद्यानी त्यांना जागा ठरवून द्यायचीये हेही तेवढंच खरं. रात्री साडेआठला उतरलेला माणूस भाजी, कोथिंबीर, उद्याच्या डब्याचं काहीतरी घेणारच, तो मॉलमधे जात नाही. मग 150 मीटरच्या पलीकडं, घरी जायच्या वाटेवरच ओटे काढा, वर पत्रा टाका, दिवा लावा, पाण्याचा नळ द्या. टॉवरच्या तळमजल्यावर निम्मे गाळे लहान ठेवले तरी चालेल. नाहीतर हे लोक परत फुटपाथवरच बसणार आणि परत गाडी येऊन वजनकाटे उचलून नेणार, तो खेळ आपण बघतोच आहोत.

आता हे सगळं करायचं कुणी? इथंच घोडं अडतं. स्टेशनची इमारत सिडकोनी बांधलेली, रूळ आणि गाड्या रेल्वेच्या, बाहेरचे रस्ते 2016 ला झालेल्या पनवेल महापालिकेकडं आलेले, बस नवी मुंबई परिवहनची, रिक्षाचं परमिट आरटीओचं, रांग लावायची ट्रॅफिक पोलिसांनी. प्रत्येकाकडं तक्रार केली की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो, कारण पूर्ण जागेचा नकाशा कुणाच्याच टेबलावर नाही.

म्हणून मागणी एकच आणि साधी आहे. टॉवरमधल्या लोकांना ताबा देण्याआधी या दोन्ही स्टेशनांच्या भोवतीच्या निदान पाचशे मीटरचा एक नकाशा करा, सगळ्यांनी मिळून, आणि तो स्टेशनवर फ्लेक्स लावून दाखवा, वेबसाइटच्या कोपऱ्यात पीडीएफ नको. त्यात एवढं दिसू दे की बस कुठं लागणार आणि तिथं एका वेळी किती बस मावणार, रिक्षाची रांग कुठून सुरू होऊन कुठं संपणार, चालणाऱ्याला सलग फुटपाथ किती रुंद, रेल्वेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला तिकीट न काढता कसं जायचं, व्हीलचेअरवाल्यानी कसं जायचं, आणि टॉवरमधल्या लोकांच्या दुचाक्या त्यांच्याच आवारात मावतात की रस्त्यावर येणार. दुचाकीसाठी थोडं पे अँड पार्क ठेवा, कारला मात्र दारात नको, दूर ठेवा आणि महाग करा, माझ्या शेजाऱ्यांना हे वाचून राग येईल पण इलाज नाही. लोकांच्या हरकती घ्यायला महिनाभर द्या, आम्ही येऊ, रविवारी पण येऊ.

विमानतळ सुरू झालाय, या पट्ट्यात जमिनीचे भाव कुठं चाललेत ते सगळ्यांना दिसतंय, त्यामुळं उरलेल्या मोकळ्या तुकड्यांवर पण कुणाची ना कुणाची नजर असणारच, तेव्हा हे काम पुढच्या निवडणुकीनंतर वगैरे ढकलण्यात अर्थ नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर माझं सीवूड्सच्या मॉलबद्दलचं मत खुशाल कापा पण बसच्या जागेचा प्रश्न तेवढा ठेवा, आणि जमलं तर तुमच्या वार्ताहरानी तो संबंधित कार्यालयात एकदा विचारून उत्तर छापावं.

आपला,
रोजचा एक प्रवासी, कामोठे