ज्या आकड्यांची बेरीज करायची नसते

महोदय,

आंबा-काजूच्या फळपीक विम्याच्या याद्या, बचत गटांचे खाते तपशील, ग्रामपंचायतीची घरपट्टी, मच्छीमार सोसायटीचे हिशेब ही सगळी कामे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता एक्सेलच्या शीटवर चालतात. यादी बँकेकडे गेली की काही नावे 'खाते क्रमांक जुळत नाही' असा शेरा घेऊन परत येतात आणि ठपका बसतो तो यादी टाइप करणाऱ्यावर. पुष्कळदा त्याने पासबुकात आहे तोच आकडा टाकलेला असतो आणि एन्टर दाबल्यावर शीटने तो बदललेला असतो. कारण एकदा कळले की हा त्रास टाळता येतो, म्हणून हे पत्र.

सेलमध्ये काही टाइप केले की एक्सेल ते नेमके काय आहे याचा अंदाज बांधते. नुसते अंक दिसले की ती संख्या, मध्ये तिरकी रेघ किंवा आडवी रेघ दिसली आणि दिवस-महिना जुळला की ती तारीख. खाते क्रमांक, आधार क्रमांक, सर्व्हे नंबर, एसटीडी कोड हे आकड्यांत लिहिलेले असले तरी त्या संख्या नव्हेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही. ज्या रकान्याची बेरीज करायची नाही तो टाइप करायला सुरुवात करण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून ठेवावा. रकान्याच्या वरचे अक्षर दाबून पूर्ण रकाना निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये 'टेक्स्ट' निवडा, ओके करा. गूगल शीट्समध्ये हेच फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट या वाटेने होते. एखाददुसऱ्या सेलपुरते करायचे तर आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह टाकले तरी पुरते. ते सेलमध्ये दिसत नाही आणि छापलेही जात नाही.

'टाइप करण्यापूर्वी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. १६ अंकी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो: १२३४५६७८९०१२३४५६ चे १२३४५६७८९०१२३४५० होते. एन्टर दाबताच तो अंक गेला. नंतर रकाना टेक्स्ट केला तरी तो परत येत नाही, पासबुक समोर घेऊन पुन्हा टाइप करण्याशिवाय उपाय नाही. सुरुवातीच्या शून्याचेही तसेच. रत्नागिरीचा कोड ०२३५२ टाकला की २३५२ उरतो. तिथे शून्य पुन्हा लावता येते, कारण कोड किती अंकी आहे हे ठाऊक असते. खाते क्रमांकात शून्ये किती होती हे शीट पाहून कळत नाही.

१२ अंकी आधार क्रमांकाचे दुखणे वेगळे. तो १.२३४५७ई+११ असा दिसतो आणि माणूस घाबरतो. इथे आतला आकडा शाबूत असतो, फक्त दाखवण्याची तऱ्हा बदललेली असते. कंट्रोल-१ मध्ये 'नंबर' निवडून डेसिमल प्लेसेस शून्य केल्या की पूर्ण आकडा दिसतो. मात्र तो तसा ई-वाला दिसत असतानाच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली, तर पडद्यावर दिसते तेच सीएसव्हीत उतरते आणि उरलेले अंक खरोखरच जातात. पोर्टलवर अपलोड करण्यासाठी सीएसव्ही मागतात तेव्हा हे हमखास घडते. सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणेही तितकेच धोक्याचे, कारण उघडतानाच शून्ये आणि सोळावा अंक गळतो. डेटा टॅबमधील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वापरून, 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट करावा आणि मगच शीटवर आणावा. फक्त तपासायची असेल तर सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडावी.

आता सर्व्हे नंबर. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि हिस्से पुष्कळ, त्यामुळे सातबाऱ्यावरचा १२/३ हा आकडा रोजचाच. शीटमध्ये तो '१२-मार' होतो, म्हणजे १२ मार्च. १२/३/१ टाकले तर १२ मार्च २००१. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर तोच १२/३ हा ३ डिसेंबर होतो. ६१/४८ तारखेत बसत नाही म्हणून सुटतो, त्यामुळे एकाच रकान्यात काही आकडे नीट आणि काही बिघडलेले असे मिश्रण तयार होते आणि ते नजरेतून निसटते. आंब्याच्या पेटीच्या डझनाचेही असेच: '५-६' लिहिले की ५ जून. एक्सेल तारीख आतमध्ये १९०० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या दिवसांचा क्रमांक म्हणून ठेवते. बिघडलेल्या सेलला नंतर टेक्स्ट केले की तो क्रमांक बाहेर येतो. २०२५ मध्ये टाकलेल्या १२/३ चा तो ४५७२८ निघतो. रीजन भारताची असेल तर शेजारच्या रकान्यात 'टेक्स्ट' नावाचा फॉर्म्युला वापरून, दिवस/महिना या क्रमाने मूळ आकडा बराचसा परत मिळवता येतो. पण २/४५ सारखा हिस्सा 'फेब्रुवारी-४५', म्हणजे त्या वर्षाची १ फेब्रुवारी, झालेला असतो आणि त्याचे १/२ निघते. म्हणून ही दुरुस्ती सातबाऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

हा घोटाळा आपल्याकडचाच नाही. मानवी जनुकांची अधिकृत नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च-१ आणि सेप्ट-१ यांसारखी जनुकांची नावे बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होते. त्यानंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या ३६५ आवृत्तीत यातले काही अंदाज (सुरुवातीची शून्ये गाळणे, १५ अंकच ठेवणे, जोडून लिहिलेल्या अक्षर-अंकांची तारीख करणे) बंद करण्याची सोय दिली. फाइल, ऑप्शन्स, डेटा इथे 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' खालच्या खुणा काढायच्या. १२/३ ची तारीख होणे मात्र त्याने थांबत नाही. जुन्या आवृत्त्यांत ही सोय नाही, आणि बऱ्याच कार्यालयांत अजून जुन्याच आवृत्त्या आहेत. एक्सेलऐवजी लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी भाषेच्या सेटिंगमधील 'डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स' या चौकटीतून दिवस/महिना हा नमुना काढून टाकावा.

मजुरी ४५० टाकली आणि ४.५ उमटले, तर कारण अगदी निराळे. कोणीतरी 'ऑटोमॅटिकली इन्सर्ट अ डेसिमल पॉइंट' ही खूण लावून ठेवलेली असते. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे 'एडिटिंग ऑप्शन्स'मध्ये ती काढा. ही सेटिंग फाइलची नसून त्या संगणकावरच्या एक्सेलची असते. म्हणून तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नीट वागते आणि लोक व्हायरस शोधत बसतात. चालू असताना खालच्या पट्टीत 'फिक्स्ड डेसिमल' असे दिसते. खूण काढल्यावर आधी टाकलेले आकडे आपोआप सुधारत नाहीत, ते हातानेच पाहावे लागतात. ५०० टाकल्यावर १४ मे १९०१ उमटले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. त्या सेलला पूर्वीचे तारखेचे फॉरमॅट चिकटलेले आहे, 'जनरल' केले की झाले.

रकमेच्या रकान्यात उलटा त्रास होतो. आकडे दिसतात, बेरीज शून्य येते. ते आकडे टेक्स्ट झालेले असतात, बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले. रकाना निवडून डेटा टॅबमधील 'टेक्स्ट टू कॉलम्स' घ्या आणि थेट 'फिनिश' दाबा. तरीही सुधारले नाही तर वेबसाइटवरून कॉपी करताना आलेली न दिसणारी खास मोकळी जागा हे कारण असते. ट्रिम फॉर्म्युला ती काढत नाही. ती एका सेलमधून कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये चिकटवावी आणि रिप्लेसची चौकट रिकामी ठेवून सगळीकडून काढावी.

खाते क्रमांक टेक्स्ट केले तरी एक खाचखळगा उरतो. दुबार नावे शोधायला वापरतात तो काउंटइफ फॉर्म्युला १६ अंकी क्रमांकांना पुन्हा संख्या समजतो आणि पहिले १५ अंक सारखे असलेली दोन वेगळी खाती एकच मानतो. एका लाभार्थ्याचे नाव त्यामुळे विनाकारण यादीतून उडू शकते. तिथे सम्प्रॉडक्ट या फॉर्म्युल्याने थेट बरोबरीची तुलना करावी.

तालुका आणि जिल्हा पातळीवरून कोऱ्या याद्या पाठवणाऱ्या कार्यालयांना कळकळीची विनंती आहे की ओळख क्रमांकांचे रकाने टेक्स्ट करूनच नमुना पाठवावा. ते काम दोन मिनिटांचे आहे आणि गावोगावचे हेलपाटे त्याने वाचतात. सोबत 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये 'टेक्स्ट लेंग्थ' निवडून आधारसाठी १२ अंकांची अट घालावी. पेस्ट केलेल्या आकड्यांना ही अट अडवत नाही, म्हणून यादी पाठवण्यापूर्वी त्याच मेनूतील 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबून लाल वर्तुळे पडतात का ते पाहावे.

– एक संगणक प्रशिक्षक, रत्नागिरी