'प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय' समजावून सांगणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. रागावू नका.

आईच्या मोठ्या आतड्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा 'ॲडिनोकार्सिनोमा' म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्याच ओळीत पुढे 'प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय' असं होतं आणि त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्या नणंदेनं आयुष्यभर आरएनएवरच काम केलंय, तिलाच विचार." ओळख ना पाळख, तरी मी फोन लावला.

तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत. "उपचारांचं डॉक्टरांना विचारायचं, पेशीचं मला," एवढं ठरवून घेतलंत आणि थेट शिकवायलाच बसलात. पेशीच्या केंद्रकातला दाट ठिपका म्हणजे न्यूक्लिओलस; न्यूक्लिओलाय हे त्याचंच अनेकवचन, आणि प्रॉमिनंट म्हणजे ठळक. त्याला भोवती पडदा नाही. पेशी विभागताना तो विरघळतो, नंतर पुन्हा जमतो. तिथे रायबोसोमचा आरएनए तयार होतो, त्याला प्रथिनं जोडली जातात, आणि बाहेर गेलेल्या रायबोसोमवर पेशीची सगळी प्रथिनं बनतात. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के आरएनए एकट्या रायबोसोमचा असतो, हे ऐकून मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीला मिनिटाला हजारो नवे रायबोसोम लागतात. म्हणून तिचा न्यूक्लिओलस फुगतो. मी सांगलीची, त्यामुळे मला ते लगेच पटलं: गळीत हंगाम संपतच नाही असा साखर कारखाना. तुम्ही हसलात, पण 'चालेल' म्हणालात.

इटलीतल्या नेपल्सचे संशोधक पियानेसे यांनी १८९६ सालीच कॅन्सरच्या पेशींतले मोठे न्यूक्लिओलस नोंदवले होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि त्याच दमात तुम्ही सांगितलंत की मोठा न्यूक्लिओलस म्हणजे कॅन्सर असं समीकरण नाही. निरोगी चेतापेशींतही तो ठळक दिसतो. पॅथॉलॉजिस्ट पूर्ण चित्र बघतो, एक ठिपका नाही. त्या रात्री मी झोपले.

पुढे ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू झालं. आईला नळाच्या गार पाण्यानंही बोटांत मुंग्या यायच्या. तुम्ही सांगितलंत की तो नसांवरचा परिणाम, न्यूक्लिओलसशी त्याचा संबंध जोडू नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल. घातलं. पण औषधाचं काम कसं चालतं हे मात्र तुम्ही रंगून सांगितलंत. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि हे, तिन्ही प्लॅटिनमचीच. पहिली दोन डीएनएची मोडतोड करून पेशी मारतात. २०१७ साली आलेल्या एका संशोधनात मात्र असं दिसलं की ऑक्सॅलिप्लॅटिन मुख्यतः रायबोसोम घडवण्याचं कामच अडवून पेशी मारतं. म्हणजे रिपोर्टमधल्या ज्या शब्दांना मी घाबरले होते, त्याच ठिकाणी औषधाचा घाव बसत असावा! "प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे हे. तुझ्या आईत काय होतंय ते मला दिसत नाही," असं तुम्ही लगेच बजावलंत. इतकं सरळ बोलणारं माणूस त्या दिवसांत मला दुसरं भेटलं नाही. बाकी सगळे 'काही होत नाही' म्हणत होते.

तुमचा स्वतःचा विषय, ते न्यूक्लिओलसमधले चिमुकले स्नोआरएनए, मला अर्धामुर्धाच कळला. रायबोसोमच्या आरएनएवर नेमक्या कुठल्या अक्षरात रासायनिक बदल करायचा ते हे दाखवतात. शंभराहून अधिक जागी. एरवी जनुकावरून उतरवलेल्या आरएनएतले काही तुकडे पेशी कापून टाकते आणि उरलेले जोडून वापरते. पण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ जोन स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेला १९९६ मध्ये असं एक जनुक सापडलं की ज्याचे कापून टाकायचे तुकडेच कामाचे, कारण स्नोआरएनए त्यांतच दडलेले. आणि जोडून उरतो तो आरएनए प्रथिन बनवत नाही. हे सांगताना तुमचा आवाज इतका चढला की शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, "त्या भांडतायत का गं?"

आईचे केमोचे सगळे डोस झाले. तपासण्या चालू आहेत, डॉक्टर समाधानी आहेत. बोटांच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, पण भाजी स्वतः चिरते.

एक मागणं आहे. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांशी तासभर बोलाल का? बाईंना विचारून ठेवलंय, सूक्ष्मदर्शक आहे, कांद्याची साल मी आणीन. मुक्काम आमच्याकडेच. तारीख तेवढी कळवा.

तुमची,
सांगलीहून वेळी-अवेळी फोन करणारी