माणसाचं नाव गाळलं, घरट्याचा पत्ता छापला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सातपुड्यातल्या दुर्गम भागाच्या फोटोंचं अख्खं पान दिलं. फोटो झकास होते त्यात वाद नाही, ढग खाली आणि डोंगर वर असा तोरणमाळचा जो होता तो तर मी भिंग घेऊन पाहिला, कुठली लेन्स असेल याचा अंदाज लावत बसलो. पण मग कॅप्शन वाचल्या आणि डोकं फिरलं. म्हातारीचा जो सगळ्यात मोठा फोटो त्याच्याखाली फक्त "सातपुड्यातील एक आदिवासी वृद्धा". बस. नाव नाही, गाव नाही, पाडा नाही, तालुका पण नाही. आणि त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात रान पिंगळ्याचा, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाचा फोटो, त्याला मात्र कुठल्या गावापासून किती किलोमीटर, कुठल्या नाल्याच्या काठाला, कुठल्या झाडाच्या ढोलीत, सगळं व्यवस्थित. म्हणजे जिथं सांगायचं तिथं गप्प आणि जिथं गप्प बसायचं तिथं पत्ता. यावरच लिहितोय, लांबलं तर कापा, फक्त पिंगळ्याचं कापू नका.

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, साखरपुडा, पासपोर्ट साइज, लॅमिनेशन, जे येईल ते. त्यामुळे हा पक्षी आमच्यासाठी जरा घरचा विषय आहे. बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, हा रान पिंगळा १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते. तो पुन्हा दिसला नोव्हेंबर १९९७ मध्ये, आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात, म्हणजे ११३ वर्षांनी. पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन आणि तिचे दोन सहकारी अमेरिकेतून येऊन इथं पायी फिरले तेव्हा. मधल्या काळात सलीम अलींसारख्या माणसालाही तो मिळाला नव्हता.

आणि मिळाला नाही त्याचं एक कारण तर ऐकण्यासारखं आहे. मायनर्ट्झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी, पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून नाव, त्यानं म्युझियममधले जुने पक्षी चोरले आणि त्यांच्यावर स्वतःच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्या. रान पिंगळ्याच्या एका नमुन्यावर त्यानं लिहिलं १९१४, गुजरातमधलं मांडवी. लोक बिचारे ती चिठ्ठी खरी मानून तिकडंच शोधत राहिले. रासमुसेनबाईंनी ही लबाडी उघडी पाडली, मग ज्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्यांच्या जागा धरल्या, त्यात १८८०च्या दशकात आपल्या खान्देशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं मिळवलेले नमुने पण होते, आणि त्याच पट्ट्यात पक्षी सापडला. तर जागा खरी लिहून ठेवणं किती मोलाचं असतं ते या एका पक्ष्यानं शिकवलंय, मी काही "जागा लपवा" असं सरसकट म्हणत नाहीये. फोटो काढला तर तारीख, जागा, काय दिसलं ते वहीत लिहा, वनखात्याला द्या, अभ्यास करणाऱ्यांना द्या. पण रविवारच्या पुरवणीत घरट्याचा रस्ता सांगणं ही वेगळीच गोष्ट आहे राव.

कारण पुढं काय होतं ते आम्ही इथं बघतो. हा पिंगळा दिवसासुद्धा बाहेर असतो, उघड्या फांदीवर बसतो, म्हणून फोटोवाल्यांना सोपा. एकाला लोकेशन कळलं की तो ग्रुपवर टाकतो, पुढच्या शनिवारी गाड्या. कुणी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवतं, पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो खायचं प्यायचं सोडून तिथं येऊन ओरडत बसतो, यांना फ्रेम मिळते. मादी ढोलीत अंड्यांवर असताना तिला भरवायचं काम नराचं, आणि तो झाडाखालच्या गर्दीला घाबरून लांब बसून राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं सुद्धा येतं, हे किती फोटोवाल्यांना ठाऊक आहे? कॅमेऱ्यानं शिकार होत नाही असं आपण छान समजून चालतो.

अजून एक, हे तुमच्या ऑनलाइन डेस्कवाल्यांसाठी. मोबाइलमध्ये लोकेशन टॅग चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश रेखांश बसतात. व्हॉट्सअपवर साधा फोटो पाठवला की ते निघून जातात, पण तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवली तर सगळं जसंच्या तसं जातं. म्हणजे कॅप्शनमधून गाव काढलं तरी फाइल बोलतेच, वेबसाइटवर चढवायच्या आधी ते पुसायला पाहिजे.

आता माणसांचं.

आमच्या स्टुडिओत धडगाव, मोलगीकडची पाड्यावरची माणसं येतात, बाजाराच्या दिवशी जास्त, दाखल्यासाठी किंवा बँकेच्या पासबुकासाठी फोटो पाहिजे म्हणून. पासपोर्टच्या कॉप्या झाल्या की बरेच जण म्हणतात आता एक मोठा काढ. आणि तो कसा पाहिजे हे त्यांचं ठरलेलं असतं. सरळ उभं राहणार, पाय दिसले पाहिजेत, पाय कापले तर फोटो परत करतात. बाई असली तर गळ्यातली चांदी पदराखालून बाहेर काढून नीट मांडणार, मग हात खाली सोडून थेट कॅमेऱ्यात बघणार, हसणार नाही. मी सुरुवातीला "जरा हसा ना" म्हणायचो, आता म्हणत नाही, फोटो त्यांचा आहे. हीच बाई तुमच्या पुरवणीत आली की कशी येते? अर्धा चेहरा अंधारात, सुरकुत्या धारदार केलेल्या, नजर भलतीकडे, लेन्स लांबची, म्हणजे तिला पत्ता पण नसणार की कुणी काढतोय. फोटो वाईट असतो असं नाही, काही वेळा फार सुंदर असतो. पण तिला विचारलं असतं तर तिनं चांदी मांडली असती एवढं मात्र नक्की.

त्या म्हातारीचंच सांगतो. पुरवणी आली त्याच आठवड्यात कॉलेजला शिकणारा एक पोरगा पेपरचं ते पान घडी घालून घेऊन आला. म्हणे ही माझी आजी, याच्यावरून मोठी प्रिंट काढून द्या, घरी लावायचाय, आजीचा दुसरा फोटो आहे तो आधारकार्डवरचा. मी स्कॅन केला, मोठा केला, तर पेपरच्या छपाईचे ठिपकेच ठिपके, डोळ्याच्या जागी तर नुसती जाळी आली. घडीची रेघ बरोबर कपाळावरून गेलेली, ती मी पुसली, ठिपके जरा मऊ केले, पण मग चेहरा मेणाचा दिसायला लागला, म्हणून परत होते तसे ठेवले. पोरगा काही बोलला नाही, पैसे द्यायला लागला, मी घेतले नाहीत. त्याच्यासोबत आलेला जीपवाला मात्र बोलला, "फोटू समदा काढी लेतस भाऊ, देतस कोनी नही." चोवीस मेगापिक्सेलची फाइल कुठंतरी पुण्या-मुंबईत हार्डडिस्कवर पडलीये आणि घरच्यांकडं ठिपके.

होळीला तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालीये, लोक लांबून येतात, यावं की, कुणी अडवलंय. पण तिथं अंग रंगवून नाचणारी बावा, बुध्या बनलेली माणसं ती नाटकातली पात्रं नाहीत, त्यांची पाळणी असते, ते खाटेवर झोपत नाहीत, बरेच नियम असतात. रात्रभर कमरेच्या घुंगरांवर नाचून पहाटे होळी पेटते तेव्हा जी वेळ त्यांची असते त्याच वेळी कुणीतरी तोंडासमोर एलईडी लाइट धरतो, वरून ड्रोन भणभणतो, आणि "दादा परत एकदा उडी मारा ना" चालू असतं. तांत्रिक बोलायचं तर तिथं लाइट लागतच नाही, होळीचा उजेडच एवढा असतो, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची ताकद वाढवा, थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येऊ द्या, काळोख काळोखासारखा राहू द्या. मोबाइलचा नाइट मोड तर पहाटेची दुपार करून टाकतो.

एका गोष्टीत मात्र दुर्गम भागाच्या फोटोनं खरं काम होतं, आणि तिथंच नेमकी कॅप्शन मार खाते. पावसाळ्यात पेशंटला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात त्याचे फोटो दरवर्षी फिरतात. त्यावर पाड्याचं नाव आणि तारीख असेल तर ऑफिसात कुणालातरी उत्तर द्यावं लागतं, रस्ता कुणाच्या यादीत आहे ते निघतं. पण नाव तारीख नसलेला तोच फोटो पुढच्या वर्षी परत फिरतो, मग साहेब लोक आरामात म्हणतात हा जुना आहे, आपल्याकडचा नाहीच, तिकडं मध्य प्रदेशातला असेल. खऱ्या दुखण्याचा फोटो अशा रीतीनं खोटा ठरतो. तेव्हा झोळीच्या फोटोला पाड्याचं नाव ठळक टाइपात टाका, तारीख टाका, पेशंटचा चेहरा झाका पाहिजे तर.

आणि ज्यांना फक्त मूड पाहिजे, धुकं पाहिजे, एकटेपणा पाहिजे, त्यांनी आपल्या चाळीसगावच्या केकी मूस या फोटोग्राफरचं काम बघून यावं. हा माणूस जन्मला १९१२ला, गेला १९८९ला, अर्धं आयुष्य घराबाहेर क्वचितच पडला असेल आणि टेबलावर घरातल्या वस्तू मांडून त्यानं निसर्गदृश्यं उभी केली, जगभर नाव काढलं. घर अजून चाळीसगावला आहे, स्टेशनपासून फार लांब नाही. त्यासाठी कुणाच्या पाड्यावर जाऊन कुणाची आजी न विचारता उचलून आणायची गरज पडली नाही.

फोटो काढायला येऊच नका असं मी म्हणत नाहीये, माझं तर पोट त्याच्यावर आहे. पावसाळ्यात तोरणमाळला या, फक्त एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते, बॅगेतच थोडा वेळ राहू द्या. पाड्यावर गेलात तर आधी बसा, नाव विचारा, वहीत लिहा, फोटो छापायला देणार असाल तर तसं सांगा, आणि नको म्हणाले तर नको. जवळ इन्स्टॅक्स, म्हणजे लगेच प्रिंट देणारा कॅमेरा, असेल तर तिथल्या तिथं एक प्रिंट हातात द्या, नसेल तर पाड्याच्या शाळेतल्या गुरुजींकडं किंवा आशाताईंकडं नंतर पाठवा, पोचतात, आम्ही पाठवतो ना. लहान पोरांना चॉकलेट दाखवून उघड्या अंगाचे फोटो काढणाऱ्यांना मात्र कुणीतरी एकदा चांगलं सुनवायला पाहिजे.

तुमच्याकडून दोनच गोष्टी पाहिजेत. पिंगळ्याच्या त्या मजकुरातली जागा वेबसाइटवर अजून तशीच दिसतेय, ती आजच्या आज काढा, हिवाळा म्हणजे त्याचा घरट्याचा काळ. आणि त्या आजीचा फोटो ज्यांनी काढला त्यांना माझा नंबर द्या, पत्रासोबत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो छापू नका. मोठी फाइल मेल करायला सांगा, प्रिंट आणि फ्रेम मी करून देतो, पोरगा शनिवारी गावाला जातो, तोच घेऊन जाईल. आजीचं नाव पण पोराकडून विचारून घेतलंय, छापायचं की नाही ते आजीला विचारून कळवतो.

आपला,
एक स्टुडिओवाला,
शहादा, जि. नंदुरबार