इंदू मिलच्या स्मारकात गिरणीही दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे काम सुरू आहे आणि त्याविषयीची जवळपास प्रत्येक बातमी पुतळ्याच्या उंचीपाशी किंवा पुढे ढकललेल्या मुदतीपाशी येऊन थांबते. ३५० फुटांचा पुतळा आणि त्याखाली १०० फुटांचा चौथरा, हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहेत. मात्र ज्या जमिनीवर हे उभे राहत आहे ती कापड गिरणीची जमीन होती आणि ज्यांचे स्मारक होत आहे ते याच शहरातील गिरणी कामगारांचे एक पुढारी होते, या दोन गोष्टींचा संबंध दाखवणारे तिथे काही असणार आहे का, याची चर्चा होताना दिसत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे मागावर, काम मिळत नसे. धोट्यातील (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातील) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे असे. साचेखात्यातील मजुरी इतर खात्यांपेक्षा बरी होती; त्यामुळे विटाळाच्या कल्पनेची किंमत या माणसांना दर पगाराला मोजावी लागत होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह धरला. मालकांशी भांडायला एकत्र यायचे आणि शेजारच्या साच्यावर मात्र अस्पृश्य कामगाराला उभे राहू द्यायचे नाही, हे त्यांना मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील संपाला त्यांनी उघड विरोध केला. आणि तरीही १९३८ मध्ये, मुंबई सरकारने आणलेल्या, संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप पुकारला. या विधेयकावर विधानसभेत बोलताना, संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी मांडणी त्यांनी केली होती. हा सगळा प्रवास सरळ रेषेतला नाही, आणि म्हणूनच तो नव्या पिढीला सांगण्यासारखा आहे.

गिरणीत राबणाऱ्या कोकणी माणसाचे घर गावी खोताच्या, म्हणजे कोकणातल्या जमीनदाराच्या, जमिनीवर असे, हेही डॉ. आंबेडकरांच्या नजरेतून सुटले नव्हते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याच्या पाठिंब्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. त्याआधी दहा वर्षे, १९२८ मध्ये, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी असे सांगितले होते, की आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे.

मी अनेक वर्षे शिक्षिका होते. बाबासाहेबांनी काय केले, असे वर्गात विचारले की ‘संविधान लिहिले’ हे उत्तर एका सुरात येई. उत्तर चूक नाही. पण या प्रश्नावर त्याच मुलांच्या आजोबांनी आधी गिरणीतल्या आणि चाळीतल्या गोष्टी सांगितल्या असत्या. डॉ. आंबेडकर स्वतः परळच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ अशी २२ वर्षे राहिले. त्यांना पाहिलेली आणि ऐकलेली पिढी कामगारांची होती. त्यानंतरची पिढी १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकून रेल्वे, बँका आणि महापालिकेत नोकरीला लागली. तिने घरात वडिलांचा भोंग्यावर चालणारा दिवस पाहिला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, जागेवर मॉल आणि टॉवर आले, कुटुंबे विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकली, आणि तिसऱ्या पिढीच्या अनुभवातून गिरणीच नाहीशी झाली. गिरणीच माहीत नसेल तर साचेखात्याचे दार बंद असणे म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी आणि कसे सांगायचे?

आजवर ही आठवण पुढे नेली ती लोकांनी. आंबेडकरी जलशांनी, वस्तीवस्तीतील गायन पार्ट्यांनी आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तके मांडून बसणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनी हे काम सरकारची वाट न पाहता केले. (त्या दिवशी दादरला गर्दी किती होते यावरच बोलणाऱ्यांनी एकदा त्या स्टॉलवरून फेरी मारावी, लोक तिथून काय विकत घेऊन जातात, तेही पाहावे.) आता सरकार स्वतःच्या खर्चाने एवढी मोठी वास्तू बांधत आहे, तर या लोकस्मृतीतला जो धागा सर्वांत आधी तुटतो आहे तो तिथे जपला जावा, ही अपेक्षा वावगी नाही.

त्यासाठी फार खर्चही नको. स्मारकाच्या आराखड्यात ग्रंथालय आहे. तिथे जुन्या गिरणीतील एक साचा, त्याचा धोटा आणि कांडी ठेवून, सूत कसे ओढले जाई हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल. मुंबई विधिमंडळातील त्यांची भाषणे राज्य सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. त्यातील संप, खोती आणि बाळंतपणाच्या सवलतीवरची भाषणे सोप्या मराठीत भिंतीवर लावता येतील. तिसरे काम, म्हणजे जुने कागद आणि आठवणी जमवण्याचे, मात्र वेळेत व्हायला हवे. नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि खोल्या रिकाम्या करताना जुनी हजेरीपत्रके, पक्षाच्या पावत्या, जलशांच्या गाण्यांच्या वह्या, फोटो रद्दीत जात आहेत. ज्या घरांत अजून कोणी निवृत्त गिरणी कामगार आहे, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी मुंबईतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांची मदत घेता येईल. विद्यार्थी त्याच वस्त्यांतले असतील तर अधिकच चांगले.

स्मारकातील ग्रंथालयात आणि दालनांत नेमके काय मांडले जाणार आहे, त्याचा तपशील राज्य सरकारने पुतळ्याचे काम पूर्ण होण्याआधी जाहीर करावा आणि त्यावर नागरिकांच्या, विशेषतः गिरणी कामगार कुटुंबांच्या, सूचना मागवाव्यात, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नायगाव, मुंबई