जुन्या ट्रकनाही 'व्हिंटेज'मध्ये घ्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, 50 वर्षांपुढची गाडी, 'व्हीए' सिरीजचा नंबर, सगळं छान, पण त्यात फक्त टूव्हीलर आणि खासगी कार. ट्रक का नाहीत? 1954 ला टाटा आणि डेमलर-बेंझचा करार झाला, मग जमशेदपूरहून जे नाकवाले, म्हणजे पुढे बॉनेट आलेले टाटा-मर्सिडीज ट्रक निघाले त्यांनी आपला ऊस-कांदा वर्षानुवर्षं वाहिलाय.

आमच्या अंगणात तसाच एक आहे. इंजिन घरीच खोललंय, चेन पुलीने हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण उतरवलं, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) तेवढा ग्राइंडिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला दिला आणि इंजिनला डिझेल पुरवणारा पंप पंप दुरुस्तीवाल्याकडे, ही दोन कामं घरी करूच नयेत. रंगाची लोक फार घाई करतात. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवायचा, तारेच्या ब्रशने घासून पूर्ण सुकवायचा, जरा जरी तेल राहिलं तरी रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दोन भागांच्या सांध्यातलं पॅकिंग बसतं त्या सपाट पृष्ठभागाला रंग अजिबात लागू द्यायचा नाही, टेप मारायची. इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साधा ऑइलपेंट जळतो, तिथे हीटप्रूफच लागतो.

एवढं जपलेलं वाहन शेवटी भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटतं. धंद्याला न वापरल्या जाणाऱ्या 50 वर्षांपुढच्या ट्रकलाही 'व्हीए' नंबर मिळावा, आपल्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा.

- एक वाचक, कोल्हापूर