ओंकारला, सॅन हुआनला निघण्याआधी

मिसिसॉगा
१५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात मी. असेन. पण "आई, तुला यातलं कळत नाही" हे शेवटचं वाक्य तुझं होतं, एवढं मला पक्कं आठवतंय.

म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मध्येच बोलतोस, कागदावर बोलता येत नाही. हळू वाच, अडलास तर मोठ्यानं वाच. रविवारच्या मराठी शाळेत मोठ्यानं वाचलं की तुला जोडाक्षरं लागायची. बाहेर सकाळपासून बर्फ पडतोय, बाबा फावडं घेऊन ड्राइव्हवेवर आहेत, आणि साबुदाणा भिजतोय. तेवढा वेळ आहे माझ्याकडे.

आधी हे सांगते की मला आनंद झाला. सांगायचं राहूनच गेलं होतं. तू म्हणालास, "कॅनडाच्या संघात घेतलंय, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकला जायचं," देशादेशांची ती बेसबॉलची स्पर्धा, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशाला?" तो शब्द आठवडाभर मलाच टोचतोय. तुझ्या बाबांनी त्याच रात्री लाल जर्सी मागवली, मोठ्या मापाची, म्हणजे आत स्वेटर मावेल. प्वेर्तो रिकोच्या सॅन हुआनला मार्चमध्ये स्वेटर कशाला लागतोय, असं मी विचारलं नाही. नोव्हेंबरात आपले टोरांटोचे ब्लू जेज वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला हरले तेव्हा हा माणूस दोन दिवस धड जेवला नव्हता. आता घरातून शीळ ऐकू येते.

आणि मी? मी तुझ्या त्या ऑपरेशन झालेल्या कोपराचा विचार करते.

या पत्रात कोपराचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच पानावर निघालं, आता काय करू!

तुला वाटतं मला कळत नाही. रात्रपाळीला लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज फिरत असतं तेव्हा मी काय वाचते, तुझ्या बहिणीला, सईला विचार. १५ मार्च २०२३, मायामी, हीच स्पर्धा. प्वेर्तो रिकोनं डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं, त्यांचा पिचर एडविन डियाझ, त्यानं शेवटचा गडी बाद केला, सगळे मिळून उड्या मारायला लागले आणि त्या उड्यांत याच्या गुडघ्याची शीर तुटली. त्याच्या क्लबनं, न्यूयॉर्क मेट्सनं, त्याच्याशी पाच वर्षांचा १०२ मिलियन डॉलरचा करार नुकताच केलेला. व्हीलचेअरवरून नेला त्याला. अख्खा २०२३चा सीझन गेला. त्याचा भाऊ त्याच संघात होता, तो मैदानातच रडत होता. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि सारखा त्यांच्या आईचा विचार करत राहिले, दोन्ही लेकरं एकाच पडद्यावर, एक पडलेला नि एक रडणारा.

तू म्हणशील, "आई, तो बॉल टाकताना नाही पडला, नाचताना पडला, ते कुठेही झालं असतं." बरोबर आहे. आणि पुढच्या वर्षी तो परत खेळलाही, तेही वाचलंय मी. मग जिंकलास तर उडी मारू नकोस. हस, हात हलव, बाजूला उभा राहा. आणि तीनच दिवसांनी होजे अल्टुवेच्या अंगठ्यावर बॉल बसला, व्हेनेझुएलाकडून बॅटिंग करताना, तो काही नाचत नव्हता.

मोठ्या खेळाडूंच्या कराराचा विमा तरी असतो. विमावाले नाही म्हणाले तर त्यांना जाताच येत नाही, डॉजर्सचा पिचर कर्शॉ, त्याचं २०२३ला तेच झालं. तुझं काय? डबल-एच्या, म्हणजे तुझ्यासारख्या खालच्या लीगमधल्या पोरांना वर्षाला ३०,२५० डॉलर, हा आकडा २०२३च्या करारात आला तेव्हा तूच केवढ्या आनंदानं वाचून दाखवला होतास. माझा पगार त्याहून बरा आहे रे. तुझ्या हाताला काही झालं तर कोण बघणार, हे तू कुणाला तरी विचारलंस का? विचारलं असशील तर नुसतं "हो" एवढा मेसेज कर.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो मार्च महिना. फेब्रुवारीत क्लबचा कॅम्प सुरू होतो, हात हळूहळू उघडायचा असतो, आधी थोडे बॉल, मग एक इनिंग, मग दोन, हे सगळं तूच मला शिकवलंस. आणि इथं मार्चच्या पहिल्याच आठवड्यात, भरल्या स्टेडियममध्ये, छातीवर देशाचं मेपलचं पान लावून, तू काय निम्म्या जोरानं टाकणार आहेस? तुझा स्वभाव मला माहीत नाही का? पहिल्या फेरीत ६५ बॉलची मर्यादा आहे, ३० टाकले तर एक दिवस विश्रांती, ५० टाकले तर चार दिवस. पाठ केलंय मी, बाराखडीसारखं. पण बॉल मोजता येतात, जोर कोण मोजणार?

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर.

आमच्या कोल्हापुरात याला साधं उत्तर होतं. तालमीत वस्ताद असायचा. तो पोराला घडवणार, त्याचा खुराक बघणार, पहाटे चारला उठवून जोर मारून घेणार, आणि केसरीची निवड जवळ आली की पोराला बजावणार, जत्रेतली कुस्ती धरायची नाही. गावोगावच्या जत्रेत मैदानं लागायची, नारळावरनं सुरू होऊन हजारापर्यंत इनाम. पोरं चोरून जायची. संपतदादा चोरून नाही गेला, सांगून गेला. आपल्याच गावची जत्रा होती, नाही कसं म्हणणार? अण्णा वस्तादाशी भांडले होते त्याच्यासाठी, "गावच्या जत्रंला न्हाई लढायचं तर पोरानं माती कशाला खायची?" तिथं खांदा निखळला. त्या वर्षी निवडीला गेला नाही, पुढच्या वर्षीही नाही, मग म्हशी घेतल्या.

तुझा वस्ताद, म्हणजे तुझा क्लब, फ्लोरिडात आहे. गाव तुझं कॅनडा. कोल्हापूर तुझं गाव नाही, हे मला इतकी वर्षं नीट कळलंच नव्हतं, ते परवा कळलं. तू खासबागचं मैदान एकदा पाहिलंस, आठ वर्षांचा असताना, आणि विचारलंस, "पिचर कुठे उभा राहतो?"

या आठवड्यात मी संपतदादाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. विचारलं, पुन्हा तीच जत्रा आली तर धरशील का कुस्ती? तो बराच वेळ गप्प होता. मग दुधाच्या दराचं काढलं, आणि मुऱ्हा म्हैस किती महाग झालीय त्याचं.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. सर्जननं तुला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगितलं. मनगटाच्या मधोमध एक शीर वर आली. तो म्हणाला, ही काढून कोपरात बसवू, हिच्यावाचून काही अडत नाही, काही लोकांना तर ती जन्मतःच नसते. हॉटेलच्या खोलीवर येऊन मी माझं मनगट पाहिलं, बाबांचं पाहिलं. बाबांच्या हाताला ती शीर नाहीच. मला वाटलं, देवा, ही माझ्याकडनं गेली याच्याकडे, बरं झालं. मी एवढी शिकलेली बाई, लॅबमध्ये काम करणारी, आणि त्या शिरेला नमस्कार केला होता.

त्या सर्जननं मला धीर द्यायला टॉमी जॉन नावाच्या पिचरची गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोबनी पहिल्यांदा असं ऑपरेशन केलं, तेव्हा शंभरात एक आशा धरली होती, आणि तो माणूस पुढे १९८९पर्यंत खेळला. मी विचारलं, "आणि तेच कोपर दुसऱ्यांदा गेलं तर?" तो म्हणाला, "आपण आज पहिल्याचं बोलू."

मग ते बिजागरीचं ब्रेस, दर आठवड्याला थोडं थोडं उघडायचं. तुला शर्ट घालताना मी बाही धरायचे आणि तू छताकडे बघायचास. एकोणीस वर्षांचा पोरगा, आईनं डोकं धुवून दिलेलं आवडतं का? पण जेवायला तुला कुणाची मदत लागली नाही. डावखुरा असून तू उजव्या हातानं सुरेख जेवायचास, कारण आजीनं लहानपणी डाव्या हातातला घास काढून उजव्यात दिला होता, रोज. तेव्हा मी आजीशी किती भांडले! प्रसाद डाव्या हातानं घेतलास म्हणून तिनं तुला सगळ्यांसमोर रागावलं त्या दिवशी तर मी दोन दिवस अबोला धरला होता. बॉल टाकायचा हात डावा आणि जेवायचा उजवा, अशी वाटणी तिनं करून ठेवली. ती असती तर आज मला म्हणाली असती, "जाऊ दे की गं."

बेसमेंटमध्ये तू जाळीवर बॉल मारायचास ते आठवतं? जानेवारीत, बाहेर उणे वीस. मी रात्रपाळी करून झोपलेली असायची आणि खालून धप्, धप्. शेजारी विचारायचे, झोप कशी लागते तुम्हाला? मला त्या आवाजातच लागायची. आवाज थांबला की जाग यायची.

ऑपरेशनच्या आधीही असाच थांबला होता. ख्रिसमसला घरी आलास आणि तीन आठवडे एकदाही खाली गेला नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "झोपेत हात अवघडलाय." मी विश्वास ठेवला. ओंकार, मला भीती दुखापतीची आहेच, पण ते "झोपेत अवघडलाय" मला जास्त छळतं. जपानचा पिचर मात्सुझाका, २००६ आणि २००९, याच स्पर्धेचा दोन्ही वेळी सर्वोत्तम खेळाडू. दुसऱ्या वेळी मांडीच्या सांध्याची दुखापत लपवून खेळला, असं त्यानंच नंतर सांगितलं. त्या सीझनचा बराचसा भाग बाहेर बसला. लपवलं का, तर देशासाठी. देशाला कुणी सांगितलं होतं लपवायला?

विजूमामाचं तू फोनवर जे बोललास ते मी मनात ठेवलेलं नाही. पण ते पुन्हा बोलू नकोस.

बाबांनी मला पटवायला फ्रेडी फ्रीमनची गोष्ट काढली. जन्म कॅलिफोर्नियातला, पण आई कॅनडाची, हा दहा वर्षांचा असताना गेली, म्हणून तो २०१७ आणि २०२३ला कॅनडाकडून खेळला. बाबांचे डोळे भरून आले सांगताना. मी म्हटलं, अहो, मी जिवंत आहे. माझ्यासाठी नाही खेळला तरी चालेल. (आणि २०२३ला त्याचाही मांडीचा स्नायू धरला, सामना अर्धवट सोडावा लागला, हे बाबांनी गाळलं. मी गाळत नाही.)

मग ते पुन्हा बर्फ काढायला गेले, मी एकटी बसले, आणि मला आमचा शपथविधी आठवला. तू माझ्या पोटात सात महिन्यांचा. हात वर करून शपथ घ्यायची होती, राष्ट्रगीत म्हणायचं होतं, मला निम्मंच येत होतं, आणि माझ्या मनात कोल्हापूर, अण्णा, रंकाळा, सगळं एकदम. मी अर्धीच शपथ घेतली असं मला कायम वाटत आलंय. तू त्या टोपीवर ते पान लावून सॅन हुआनच्या हिराम बिथॉर्न स्टेडियमवर उभा राहशील आणि तेच गीत वाजेल. तुला सगळं पाठ आहे. फ्रेंच कडव्यासकट.

नाही म्हण असं मी म्हणणार नाही आता. म्हणून उपयोग नाही हे एक, आणि म्हटलं आणि तू ऐकलंस तर ते मला सहन होणार नाही, हे दुसरं. फक्त दुखलं तर सांग. त्या कोचला, त्या फिजिओला, निदान सईला. तिला सांगितलंस तर ती मला सांगणार नाही असं तुला वाटतं, वाटू दे.

बाबांनी तीन तिकिटं काढली आहेत. मी येणार नाही म्हणाले होते, तरी तीन काढली. माझी रजा मंजूर झालीये, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. पार्सलमध्ये मेतकूट आहे, डिंकाचे लाडू आहेत, आणि लाल-पांढरा गंडा आहे, सईनं केलाय, मनगटात बांधायला नियमात बसत नसेल तर बॅगेत ठेव. लाडू सगळ्या संघाला वाटू नकोस, वीसच आहेत.

साबुदाणा भिजला असेल. थांबते.

तुझी,
आई

ता. क. सई आत्ता बोलता बोलता म्हणाली की गुरुवारी तू फिजिओकडे दोनदा गेला होतास. नेहमीचंच असेल. नेहमीचंच आहे ना?