चाहत्यानं बनवलेल्या गेम पॅकचे पैसे तुम्ही घेता, मग तो पॅक बंद पडल्यावर जबाबदारी कुणाची?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या फुटबॉल गेमच्या स्टोअरवरून घेतलेला कोल्हापूर तालीम पॅक अपडेटनंतर बंद पडला, पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या गेममधल्या स्टोअरवरून मी २४९ रुपये भरून कोल्हापूरच्या तालीम संघांचा पॅक (म्हणजे त्यांच्या जर्सी, मैदान, आवाज गेममध्ये घालणाऱ्या फाइली) घेतला होता, मागचं अपडेट आल्यापासून तो चालत नाही. सगळ्या जर्सी पांढऱ्याफटक दिसतात, पाठीवरचे नंबर गायब, आणि शाहू स्टेडियम निवडलं की गेम सरळ बंदच पडतो. चॅटवर तक्रार टाकली तर उत्तर आलं की हा पॅक क्रिएटरने बनवलाय, कंपनी जबाबदार नाही, त्याच्याशी बोला. अहो पण पैसे तुमच्या खात्यात गेलेत, पावतीवर नाव तुमचं आहे, पॅक बनवणाऱ्या त्या पोराला मी हातात एक रुपया दिलेला नाही, मग त्याच्याशी काय बोलू?

कोल्हापूरचा फुटबॉल काय चीज आहे हे तुमच्याकडे कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. इथं संघ तालमींचे असतात, म्हणजे जिथं पैलवान घडायचे त्या तालमींच्या नावानं पोरं फुटबॉल खेळतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, मॅच असली की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमला लोटतात. हे संघ तुम्ही गेममध्ये कधीच घालणार नव्हता, आणि त्याबद्दल माझी तक्रार पण नाही, तुम्हाला ते कळणार कुठून. ते आमच्यातल्याच एका पोरानं केलं. प्रत्येक तालमीच्या जर्सीचे जवळून फोटो काढले, कॉलर, शिलाई, नंबर कसा लिहिलाय ते सगळं बघून टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या जर्सीवर चढणारं चित्र, बनवलं. आणि आवाज! गॅलरीत बसून मोबाईलवर हलगी आणि पब्लिकचा कल्ला रेकॉर्ड केला, त्यातला वाऱ्याचा आवाज काढला, आणि असा कापून बसवला की बॉल गोलसमोरच्या डीच्या जवळ आला की हलगी चढायला लागते आणि गोल झाला की एकदम फुटते. आता अपडेटनंतर तिथं परत तुमचं ते युरोपातलं गाणं वाजतंय.

फॅन लोकांनी मॉडचे (गेममध्ये असे स्वतः बनवून घातलेले बदल) पैसे घ्यावेत का यावर आमच्या ग्रुपमध्ये लई वाद झाला. काहीजण म्हणतात अजिबात घेऊ नयेत, ही हौस आहे, २००६ साली आलेला क्रिकेट ०७ हा गेम आजपर्यंत पोरांनी पॅच बनवून बनवून जिवंत ठेवला आणि त्यातले बहुतेक पॅच फुकटच वाटले, पैसा आला की ही वाटून घ्यायची सवय मोडते आणि एकमेकांचं काम चोरणं सुरू होतं. यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. काउंटर स्ट्राइक हा गेम सुद्धा १९९९ मध्ये हाफ लाइफ या गेमचा फुकट मॉड म्हणूनच आला होता, नंतर हाफ लाइफच्या कंपनीनं तो विकत घेऊन बनवणाऱ्यांना कामावर घेतलं. पण म्हणून ज्याला पैसे घ्यायचेत त्यानं घेऊ नयेत असं मला वाटत नाही. रात्र रात्र बसून केलेलं काम आहे, लाइटबिल त्याच्या घरचं, लॅपटॉप त्याचा, मी २४९ आनंदानं दिले आणि चालणारा पॅक असेल तर पुन्हा पण देईन.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुमच्याच अटींमध्ये लिहिलंय की विक्रीतले ३० टक्के क्रिएटरला मिळतात, म्हणजे १०० मधले ७० तुम्ही ठेवता. गेम तुमचा आहे, सर्व्हर तुमचा आहे, तुमचा वाटा असणार हे मला समजतं. पण ७० टक्के घेणारा माणूस "आमचा काही संबंध नाही" कसं म्हणू शकतो? त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला की फाइलचा फॉरमॅट बदलणार हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं, अपडेट आलं त्या दिवशी त्यालाही आमच्याबरोबरच समजलं, आणि नवीन फॉरमॅटची माहिती त्याला अजून दिलेली नाही. मग त्यानं दुरुस्त कसं करायचं सांगा.

हे असं आधी पण झालेलं आहे, तुम्ही पहिले नाही. २०१५ च्या २३ एप्रिलला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर स्कायरिम या गेमचे मॉड पैशानं विकायला काढले होते, बनवणाऱ्याला २५ टक्के आणि बाकी ७५ दुकानवाल्या व्हॉल्वला आणि गेमवाल्या बेथेस्डाला. त्यातला मासेमारीचा एक मॉड तर लगेच काढावा लागला कारण तो दुसऱ्या कुणीतरी फुकट दिलेल्या ॲनिमेशनवर उभा होता. लोक एवढे भडकले की २७ तारखेला ते सगळं बंद केलं आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना परत दिले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना परत देता आले, तुम्हाला का जमत नाही? आणि २०२२ मध्ये द सिम्स हा गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं सरळ नियम सांगितला, मॉड बनवणारा त्याला पैशाचा आधार देणाऱ्यांना मॉड काही काळ आधी देऊ शकतो, नंतर तो सगळ्यांना फुकट मिळायला पाहिजे. मला वैयक्तिक हा मार्ग लई पटतो, बनवणाऱ्याला पण मिळतं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत ते शाळेतलं पोरगं पण चार दिवस थांबून खेळतं.

तुम्ही नेमकं उलटं केलंय. त्याच अपडेटमध्ये गेमनं बाहेरचं फोल्डर वाचणं बंद केलं, म्हणजे जे पॅक आम्ही पेनड्राइव्हवर घालून एकमेकांना फुकट द्यायचो ते पण गेले. विकत घेतलेला चालत नाही आणि फुकटचा घालू देत नाही, मग आमच्या तालमीची टीम घेऊन खेळायचं कसं?

त्यामुळे माझी मागणी अशी आहे की एकतर पॅक दुरुस्त करून द्या किंवा २४९ रुपये परत द्या, आणि हे फक्त मला नाही तर ज्यांनी ज्यांनी हा पॅक घेतलाय त्या सगळ्यांना. परत देताना ते त्या पोराच्या ३० टक्क्यांतून कापू नका, चूक त्याची नाही, तुमच्या वाट्यातून द्या. इथून पुढं अपडेटच्या आधी क्रिएटर लोकांना फॉरमॅट कळवा आणि फुकट पॅकसाठी ते फोल्डर परत चालू करा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. तो नाही मिळाला तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे आणि त्यानंही नाही झालं तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी पण नाही. रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असं समजू नका.

पावती, बंद पडतानाचा व्हिडिओ आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. उत्तर याच ईमेलवर द्या, चॅटवर नको, तिथं विंडो बंद केली की सगळं पुसलं जातं.

आपला ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर